कोडमधून बनवलेल्या कंट्रोलांचं रंगरूप: डब्ल्यूपीएफबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्ल्यूपीएफ ही विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट. तिच्यात लिहिलेल्या आमच्या एका प्रोग्रॅममध्ये फॉर्म आधीपासून आखलेले नसतात. कर्जाचा प्रकार निवडला की त्याला लागणारी खानी डेटाबेसमधून येतात आणि टेक्स्टबॉक्स, कॉम्बोबॉक्स, बटणं असे कंट्रोल तिथल्या तिथे कोडमधून तयार होतात. कंट्रोल बनवणं सोपं आहे. छळतं ते त्यांचं दिसणं. टीममधल्या नव्या मुलांकडून आणि बाहेरच्या मित्रांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. क्लास आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाकली की खरं नाव समोर येईल.

१. विंडोच्या झॅमलमध्ये (विंडोची मांडणी लिहायच्या मजकुरात) स्टाइल लिहिली आहे, पण कोडमधून बनवलेल्या बटणाला ती लागत नाही. का?

आधी एक गोष्ट बघा: स्टाइलला, म्हणजे रंगरूपाच्या त्या संचाला, ‘की’ (शोधायचं नाव) दिली आहे का? की दिलेली स्टाइल आपणहून कोणालाही लागत नाही. ती शोधून बटणाच्या स्टाइल प्रॉपर्टीत स्वतः ठेवावी लागते. की नसेल आणि फक्त टार्गेटटाइप असेल, तर त्या स्टाइलच्या हद्दीत येणाऱ्या त्या टाइपच्या प्रत्येक कंट्रोलला ती लागते, मग तो झॅमलमधून आलेला असो की कोडमधून.

‘हद्दीत’ हा शब्द महत्त्वाचा. विंडोच्या रिसोर्समधली (विंडोजवळच्या सामायिक साठ्यातली) स्टाइल बटणाला सापडते ती बटण त्या विंडोतल्या एखाद्या पॅनेलमध्ये गेल्यावर. नुसतं न्यू बटण करून हातात धरलेल्या बटणाला ना आई ना बाप, ते शोधणार कुठे? पॅनेलच्या चिल्ड्रनमध्ये टाकलं की लागेल. टाकूनही लागत नसेल, तर तुम्ही बटणापासून स्वतःचा क्लास काढला आहे का ते बघा (प्र. ६).

२. की दिलेली स्टाइल कोडमधून कशी लावायची? फाइंडरिसोर्स वापरलं तर प्रोग्रॅम कोसळतो.

नव्या बटणावरच फाइंडरिसोर्स बोलावलं असणार. ते बटण अजून झाडात (विंडो, तिच्यात पॅनेल, त्यात कंट्रोल अशा पालक-मुलांच्या रचनेत) नाही, म्हणून शोध त्याच्या स्वतःच्या रिसोर्समध्ये होतो आणि तिथून थेट अ‍ॅप्लिकेशनच्या आणि थीमच्या रिसोर्सकडे जातो. विंडो मधल्यामध्ये राहून जाते. की सापडली नाही की फाइंडरिसोर्स एक्सेप्शन फेकतं. ट्रायफाइंडरिसोर्स तसं न करता नल (म्हणजे ‘काही नाही’) परत देतं, पण त्यानं चूक लपते एवढंच. बटण साध्या राखाडी रंगात येतं आणि का ते कळत नाही.

दोन वाटा आहेत. विंडोवर किंवा पॅनेलवर फाइंडरिसोर्स बोलवा आणि आलेली स्टाइल बटणाला द्या. किंवा बटणावर सेटरिसोर्सरेफरन्स बोलवून स्टाइल प्रॉपर्टी आणि की द्या. दुसऱ्या वाटेत शोध नंतर, बटण झाडात गेल्यावर होतो आणि पुढे रिसोर्स बदलला की बटणही बदलतं. झॅमलमधल्या डायनॅमिकरिसोर्सचं हे कोडमधलं रूप आहे. मी हीच वाट वापरतो. पहिली वाट स्टॅटिकरिसोर्ससारखी: एकदा घेतलं, विषय संपला.

३. रंग सरळ कोडमध्येच दिला तर काय बिघडतं? बॅकग्राउंड बरोबर लाल, झालं!

आज काही बिघडत नाही. बिघडतं ते सहा महिन्यांनी.

डब्ल्यूपीएफमध्ये एका प्रॉपर्टीवर एकाच वेळी अनेकजण हक्क सांगत असतात आणि कोण जिंकेल याची उतरंड ठरलेली आहे. चालू अ‍ॅनिमेशन वरचढ. त्याखाली लोकल व्हॅल्यू, म्हणजे तुम्ही कोडमध्ये किंवा त्या टॅगवरच लिहिलेली किंमत. त्याखाली स्टाइलमधले ट्रिगर (अमुक झालं की तमुक किंमत लावा), मग स्टाइलमधले साधे सेटर (प्रॉपर्टी आणि तिची किंमत), मग थीमची स्टाइल, मग बापाकडून वारशानं आलेली किंमत आणि सगळ्यात तळाशी प्रॉपर्टीची मूळ किंमत. तुम्ही कोडमध्ये रंग दिला की लोकल व्हॅल्यू लागते आणि तिच्या खालचे सगळे गप्प बसतात. स्टाइलमध्ये ‘माउस वर आला की गडद कर’ असा ट्रिगर असेल तर तो चालतो, पण दिसत नाही. थीम बदलली तरी तुमचा लाल लालच.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: कंट्रोल कोडनं बनवावा, त्याचा मजकूर, बाइंडिंग (डेटाशी जोडणी), इव्हेंट सगळं कोडनं द्यावं, पण रंग, फाँट, मार्जिन यांची नावं कोडमध्ये दिसली तर रिव्ह्यूमध्ये परत. कोडनं फक्त कोणती की लावायची ते सांगायचं.

४. चुकीच्या खान्याचा रंग लाल केला, दुरुस्त झाल्यावर पुन्हा पांढरा केला. आता डार्क थीममध्ये ती खानी वेगळीच दिसतात. काय चुकलं?

हे आमच्याकडेच घडलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर. तक्रार अशी आली होती: ‘पॅन नंबर चुकला की खानं लाल होतं ते ठीक, पण बरोबर केला की अक्षरं गायब होतात.’ आम्हाला वाटलं बाइंडिंग तुटलं. अर्धा दिवस तिकडे गेला. शेवटी कोणीतरी त्या खान्यातला मजकूर माउसनं सिलेक्ट केला आणि अक्षरं उमटली. ती होती, पांढऱ्यावर पांढरी होती. तपासणीच्या कोडनं चूक सुधारल्यावर बॅकग्राउंडला ब्रशेस डॉट व्हाइट दिला होता. लाइट थीम होती तोवर ते कोणाच्या लक्षात आलं नाही. डार्क थीम आली, फोरग्राउंड स्टाइलमधून पांढरा झाला, बॅकग्राउंड मात्र लोकल म्हणून अडून बसला.

रंग ‘पूर्ववत’ करायचा म्हणजे जुना रंग पुन्हा लिहायचा नाही. लोकल व्हॅल्यू काढून टाकायची. त्यासाठी क्लिअरव्हॅल्यू आहे: टेक्स्टबॉक्सवर बोलवा, बॅकग्राउंडप्रॉपर्टी द्या. लोकल गेली की खालची स्टाइल आपोआप वर येते.

याहून बरं म्हणजे लाल करण्याचं कामही कोडकडून काढून घ्या. स्टाइलमध्ये व्हॅलिडेशन डॉट हॅजएररवर ट्रिगर ठेवा. कोडनं फक्त सेटबाइंडिंग करायचं आणि बाइंडिंगला व्हॅलिडेशनरूल जोडायचा. आम्ही शेवटी तेच केलं आणि रंगाच्या जवळपास चाळीस ओळी पुसल्या.

५. क्लिअरव्हॅल्यू आणि सेटकरंटव्हॅल्यू यांत फरक काय?

क्लिअरव्हॅल्यू लोकल किंमत काढतं. सेटकरंटव्हॅल्यू किंमत बदलतं, पण तिचा मालक बदलत नाही: बाइंडिंग होतं तर ते राहतं, स्टाइलचा ट्रिगर पुढे पेटला तर तो पुन्हा आपली किंमत बसवू शकतो. हे डॉटनेट ४ पासून आहे. स्वतःचा कंट्रोल लिहिताना आतून टेक्स्ट किंवा सिलेक्शन बदलायचं असेल तर हेच वापरा, नाहीतर वापरणाऱ्यानं लावलेलं वन-वे बाइंडिंग तुमच्या एका ओळीनं पुसलं जाईल.

जाता जाता: स्टाइलला नल देणं म्हणजे स्टाइल काढणं नव्हे. नल हीदेखील लोकल किंमत आहे आणि ती लावल्यावर की नसलेली स्टाइलही लागत नाही. ती परत हवी असेल तर स्टाइलप्रॉपर्टीवर क्लिअरव्हॅल्यू.

६. बटणापासून माझा क्लास काढला. बटणाची स्टाइल त्याला का लागत नाही? वारसा असतो ना?

क्लासचा असतो, की नसलेल्या स्टाइलचा नसतो. शोध कंट्रोलच्या नेमक्या टाइपनं होतो. ‘माझंबटण’ या टाइपची स्टाइल कुठेच नाही, म्हणून काही लागत नाही. थीमचं मूळ बटणरूप तेवढं येतं, कारण ते वेगळ्या किल्लीनं, म्हणजे डिफॉल्टस्टाइलकी या प्रॉपर्टीनं शोधलं जातं आणि ती तुम्ही बदललेली नसते.

उपाय एका ओळीचा आहे. तुमच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेटरिसोर्सरेफरन्स बोलवा आणि की म्हणून टाइपऑफ बटण द्या. की नसलेल्या स्टाइलची खरी की तिचा टाइपच असतो, त्यामुळे ती बरोबर सापडते.

गंमत म्हणजे डेटाटेम्प्लेटचं (डेटा कसा दाखवायचा त्याच्या साच्याचं) उलटं आहे. डेटाटाइप दिलेलं टेम्प्लेट मूळ क्लाससाठी लिहिलं तर त्याच्यापासून काढलेल्या क्लासलाही लागतं (इंटरफेससाठी मात्र नाही). दोन शेजाऱ्यांचे नियम असे उलट का ठेवले कोणास ठाऊक, पण सवय करून घ्यायची.

७. बटणाला स्टाइलमधून हिरवा रंग दिला. माउस नेला की फिकट निळं होतं. ट्रिगर लिहूनही तेच!

विंडोज ८ पासूनच्या थीममध्ये हा निळा सगळ्यांना भेटतो. तो बटणाचा नाहीच. बटणाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ते कशाकशाचं बनतं त्या साच्यात, एक बॉर्डर आहे. एरवी ती बटणाचा बॅकग्राउंड घेते, पण माउस वर आला की टेम्प्लेटमधला ट्रिगर त्या बॉर्डरला थेट स्वतःचा निळा देतो. तुम्ही बटणाचा रंग कितीही बदला, बॉर्डर तेव्हा बटणाकडे बघतच नाही.

इथे प्र. ३ मधली उतरंड कामाला येत नाही, कारण भांडण दोन वेगवेगळ्या एलिमेंटचं आहे. टेम्प्लेट बदलण्यावाचून इलाज नाही. स्टाइलमध्ये टेम्प्लेटचा सेटर ठेवून स्वतःचं छोटं कंट्रोलटेम्प्लेट द्या: एक बॉर्डर, आत कंटेंटप्रेझेंटर, बॅकग्राउंड टेम्प्लेटबाइंडिंगनं. मग माउसचा ट्रिगर स्टाइलमध्ये लिहा, तो चालेल. कीबोर्डवरून फिरणाऱ्यांसाठी फोकस आणि डिसेबल्ड या दोन अवस्थाही त्यातच सांभाळा, त्या नेहमी विसरतात.

८. टेम्प्लेटही कोडमधूनच बनवायचं असेल तर?

फ्रेमवर्कएलिमेंटफॅक्टरी नावाचा जुना क्लास आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही तो मागे पडलेला मार्ग म्हणूनच दिला आहे. झॅमलचा मजकूर स्ट्रिंगमध्ये तयार करून झॅमलरीडर डॉट पार्स करा. नेमस्पेस त्या मजकुरात लिहावे लागतात आणि इव्हेंट हँडलर त्यात लिहिता येत नाहीत. बाहेरून आलेला मजकूर मात्र असा पार्स करू नका: झॅमलमधून कोणताही क्लास उभा करता येतो.

९. स्टाइल कोडमधून बदलायला गेलो तर ‘सील झाली आहे’ असा एरर येतो.

स्टाइल एकदा कोणत्याही कंट्रोलला लागली की तिला कुलूप लागतं. नंतर सेटर घालता येत नाही, काढता येत नाही. नवी स्टाइल बनवा, तिच्या बेस्डऑनमध्ये जुनी ठेवा, हवे ते सेटर घाला आणि नवी लावा.

एका कंट्रोलला दोन स्टाइल लावता येत नाहीत, हेही यातच आलं. वेबवरून आलेल्यांना क्लासची माळ लावायची सवय असते, इथे ती सोय नाही. साखळी करायची तर बेस्डऑननंच. आणि बेस्डऑनला डायनॅमिकरिसोर्स चालत नाही. त्यामुळे थीम बदलताना बदलायच्या गोष्टी, म्हणजे ब्रश, सेटरच्या किमतीत डायनॅमिकरिसोर्सनं ठेवा आणि स्टाइलची साखळी स्थिर ठेवा. कोडमधून सेटर बनवताना किमतीच्या जागी डायनॅमिकरिसोर्सएक्स्टेन्शनचा ऑब्जेक्ट दिला की हेच साधतं.

१०. स्टाइलमधून बटणावर आयकॉन दिला. दहा बटणं बनवली, आयकॉन फक्त शेवटच्या बटणावर. बाकीचे कुठे गेले?

आयकॉन एकच होता. एका एलिमेंटला एकच पालक असतो, म्हणून प्रत्येक नव्या बटणानं आधीच्याकडून तो ओढून घेतला. आयकॉन वेगळा रिसोर्स म्हणून ठेवून त्याला एक्स-शेअर्ड फॉल्स द्या, म्हणजे मागणाऱ्याला दर वेळी नवा मिळेल. त्याहून स्वच्छ म्हणजे सेटरमध्ये कंटेंट न देता कंटेंटटेम्प्लेट द्या. टेम्प्लेट म्हणजे साचा, त्यातून हव्या तितक्या मूर्ती निघतात.

११. बटणातला टेक्स्टब्लॉक माझ्या स्टाइलप्रमाणे दिसत नाही. आणि अ‍ॅपमध्ये स्टाइल टाकली तर सगळीकडचाच बिघडतो!

दोन्ही गोष्टी एकाच नियमाच्या आहेत. टेम्प्लेटच्या आत असलेला आणि कंट्रोल या क्लासपासून न निघालेला एलिमेंट (टेक्स्टब्लॉक, बॉर्डर, इमेज) की नसलेली स्टाइल शोधताना टेम्प्लेटच्या कुंपणाशी थांबतो. विंडोच्या रिसोर्सपर्यंत जात नाही. अ‍ॅप्लिकेशनचे रिसोर्स मात्र त्याला दिसतात. म्हणून विंडोमध्ये ठेवलेली टेक्स्टब्लॉकची स्टाइल बटणात पोचत नाही आणि अ‍ॅपमध्ये ठेवलेली प्रत्येक बटणात, मेनूत, कॉम्बोबॉक्सच्या ओळीत घुसते आणि तिथला फोरग्राउंड मारते.

माझा सल्ला: टेक्स्टब्लॉकची की नसलेली स्टाइल अ‍ॅपमध्ये कधीही ठेवू नका. शीर्षक, सूचना, तळटीप अशा नावांच्या की द्या आणि कोडमधून ती की लावा (प्र. २).

१२. विंडोला फाँट आणि रंग दिला तर आतल्या कंट्रोलांना मिळत नाही का? विनफॉर्म्समध्ये (डब्ल्यूपीएफच्या आधीच्या चौकटीत) मिळायचा.

काही मिळतं, काही नाही. फाँटफॅमिली, फाँटसाइज, फोरग्राउंड वारशानं खाली जातात. बॅकग्राउंड आणि मार्जिन जात नाहीत. पण वारसा उतरंडीत जवळजवळ तळाशी आहे. बटण आणि टेक्स्टबॉक्स यांच्या थीम-स्टाइलमध्ये फोरग्राउंड लिहिलेला असतो, त्यामुळे विंडोचा फोरग्राउंड त्यांच्यापर्यंत येऊन हरतो. साध्या टेक्स्टब्लॉकला तो लागतो. टूलटिप आणि कॉन्टेक्स्टमेनू तर फाँटही सिस्टिमचाच घेतात.

१३. कोडमध्ये नाव दिलं, तरी फाइंडनेम नल देतं. एलिमेंटनेमचं बाइंडिंगही चालत नाही.

नेम प्रॉपर्टी भरली म्हणजे नावाची नोंद झाली असं नाही. झॅमल वाचताना ती नोंद आपोआप होते, कोडमध्ये रजिस्टरनेम बोलवावं लागतं. कंट्रोल काढून टाकताना अनरजिस्टरनेमही करा, नाहीतर त्याच नावाचा दुसरा कंट्रोल नोंदवताना एरर येईल. आम्ही हा उपद्व्याप सोडून खान्याच्या आयडीवरून कंट्रोल देणारी डिक्शनरीच ठेवली आहे.

टेम्प्लेटच्या आतलं नाव हवं असेल तर गोष्ट वेगळी: टेम्प्लेटवर फाइंडनेम बोलवा, पण अ‍ॅप्लायटेम्प्लेट झाल्यावर किंवा लोडेड इव्हेंटमध्ये. त्याआधी आत काही नसतंच.

१४. लिस्टबॉक्समधल्या काही ओळी कोडनं रंगवल्या. स्क्रोल केलं की भलत्याच ओळी रंगीत होतात.

लिस्टबॉक्स हजार ओळींसाठी हजार कंट्रोल बनवत नाही. दिसणाऱ्यांपुरतेच बनवतो. रिसायकलिंग चालू असेल तर वर सरकून गेलेला तोच लिस्टबॉक्सआयटम खाली नव्या ओळीसाठी वापरतो. तुम्ही रंग दिला कंट्रोलला, ओळीला नाही. एसटीत सीटवर रुमाल टाकून खाली उतरलात आणि गाडी दुसऱ्याच मार्गाला लागली, तसं. याच कारणानं कंटेनरफ्रॉमआयटम न दिसणाऱ्या ओळीसाठी नल देतं.

रंगाचं कारण डेटामध्ये ठेवा, म्हणजे ओळीच्या ऑब्जेक्टवर ‘थकबाकी’ अशी प्रॉपर्टी, आणि आयटमकंटेनरस्टाइलमध्ये तिच्यावर डेटाट्रिगर. स्टाइलसिलेक्टरही चालतो, पण तो कंटेनर तयार होताना निर्णय घेतो. नंतर प्रॉपर्टी बदलली तर तो पुन्हा धावत नाही, ट्रिगर धावतो.

१५. मग कोडमधून कंट्रोल बनवायचेच कशाला?

बहुतेक वेळा नाहीच बनवायचे! खान्यांची यादी आयटम्सकंट्रोलला द्या, प्रत्येक प्रकारच्या खान्यासाठी डेटाटाइप असलेलं टेम्प्लेट लिहा. मजकुराचं खानं, तारखेचं खानं, यादीचं खानं असे छोटे क्लास केले की डब्ल्यूपीएफ योग्य टेम्प्लेट आपणहून निवडतं आणि वरचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. आमचे नवे फॉर्म असेच आहेत. जुने तसेच ठेवले आहेत, कारण चालत्या गाडीची खीळ कोण काढणार.

कोड खरोखर लागतो तो ग्रिडचे कॉलम चालू प्रोग्रॅममध्ये ठरतात तेव्हा, प्लगइन बाहेरून येतात तेव्हा, किंवा आराखडा काढायचा कॅनव्हास असतो तेव्हा. शेकडो कंट्रोल बनवत असाल तर झाड वरून खाली बांधा: आधी पॅनेल विंडोत, मग त्यात मुलं. उलट क्रमानं बांधलं तर दर जोडणीला वारशाच्या प्रॉपर्टी पुन्हा खालपर्यंत जातात.

१६. रंग नक्की कुठून आला हे कसं शोधायचं?

अंदाज करत बसू नका. व्हिज्युअल स्टुडिओत लाइव्ह व्हिज्युअल ट्री आहे. स्नूप नावाचं मोफत साधन तर प्रत्येक प्रॉपर्टीसमोर किमतीचा उगम लिहून दाखवतं: लोकल, स्टाइल, स्टाइलट्रिगर, इनहेरिटेड. कोडमधून हवं असेल तर डिपेंडन्सीप्रॉपर्टीहेल्परचं गेटव्हॅल्यूसोर्स आहे. प्र. ४ मधला अर्धा दिवस वाचला असता, आधी स्नूप उघडलं असतं तर.

१७. डॉटनेट ९ मधली फ्लुएंट थीम लावली आणि माझी स्टाइल दिलेली बटणं जुनाट दिसू लागली.

थीममोड ही प्रॉपर्टी डॉटनेट ९ मध्ये, २०२४ साली आली. डॉटनेट ९ मध्ये तिच्यावर ‘प्रायोगिक’ अशी सूचना कंपायलर देतो, ती मुद्दाम बंद करावी लागते. ही थीम रिसोर्स डिक्शनरी म्हणून येते. तुमची बटणाची स्टाइल बेस्डऑनशिवाय असेल तर ती फ्लुएंटच्या स्टाइलची जागा घेते आणि खाली जुनं रूप उरतं. बेस्डऑनमध्ये बटणाच्या टाइपची स्टाइल द्या.

१८. खान्यांची नावं मराठीत आहेत. कोडमधून बनवलेल्या टेक्स्टबॉक्समध्ये रफार आणि उकार कापले जातात.

हाइट बावीस-तेवीस अशी कोडमध्ये लिहिली असेल. इंग्रजीला ती पुरते. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, त्यांना जागा लागते. हाइट काढा, स्टाइलमध्ये मिनहाइट आणि पॅडिंग द्या. फाँटफॅमिलीत सेगो यूआयनंतर स्वल्पविराम देऊन निर्मला यूआय लिहा. सेगोमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे दुसरा फाँट कोणता हे आपणच सांगितलेलं बरं. निर्मला विंडोज ८ पासून आहे, त्याआधीच्या मशीनवर मंगल.

अजून एक छुपा खड्डा: डब्ल्यूपीएफमध्ये लँग्वेज प्रॉपर्टीची मूळ किंमत अमेरिकन इंग्रजी असते, विंडोजची सेटिंग काहीही असो. म्हणून बाइंडिंगमधल्या स्ट्रिंगफॉरमॅटनं बारा लाखांचा आकडा १,२३४,५६७ असा येतो. प्रोग्रॅम सुरू होताना, पहिली विंडो उघडण्याआधी, लँग्वेजप्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करून चालू कल्चर (भाषा-प्रदेशाची सेटिंग) द्या. मशीनवर भारतीय कल्चर असेल तर स्वल्पविराम १२,३४,५६७ असे जागेवर येतात आणि कोडमधून बनवलेल्या प्रत्येक खान्यालाही तेच लागतं.